पेशीची पापणी



काही घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : ‘आमच्यात किडनीचा आजार चालत आला आहे.’ दादा त्यात गेले, मग फुफी गेल्या, आता अब्बांचे डायलिसिस चालू आहे. दुसऱ्या एखाद्या घरात मूल जन्मते तेव्हा त्याच्या हाताला किंवा पायाला सहावे बोट असते. नातेवाईक बरकत आली म्हणून खूश होतात. मूल गुटगुटीत वाढते, पुढे वयापेक्षा फार जाड दिसू लागते. सात-आठ वर्षांचे झाले की मगरिबनंतर अंधारात ठेचकाळते. शाळेत मागे पडते. पुढे कधीतरी रक्त-लघवीची तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात की किडन्याही नीट काम करत नाहीत. डोळ्यांसाठी एक डॉक्टर, वजनासाठी दुसरा, किडनीसाठी तिसरा. घरात मात्र निदान आधीच झालेले असते : कुणाची तरी नजर लागली, नाहीतर दोष सुनेच्या माहेरचा.

या महिन्याचा विषय या दोन्ही घरांसाठी आहे. बोट, डोळा, वजन आणि किडनी यांचे वरवर पाहता एकमेकांशी काही नाते दिसत नाही. पण या सगळ्या तक्रारींची मुळी एकच असू शकते. ती शरीराच्या पेशीत असते आणि इतकी लहान असते की शास्त्रज्ञांनीही तिच्याकडे जवळजवळ शंभर वर्षे लक्ष दिले नाही. विषय थोडा अवघड आहे, पण एकेक पायरी चढत गेलो तर दहावीच्या मुला-मुलींनाही तो समजेल. म्हणून हे पान त्यांच्यासह वाचावे, अशी आमची विनंती आहे.

नऊ जुड्यांची नळी

शाळेच्या पुस्तकात पेशीविभाजनाचे चित्र असते. मधोमध गुणसूत्रे रांगेत उभी असतात आणि दोन टोकांकडून निघालेले धागे त्यांना ओढत असतात. ही दोन टोके म्हणजेच सेंट्रोसोम. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने घोड्याच्या आतड्यातील जंताच्या अंड्यांचा अभ्यास करताना १८८८ साली त्याला हे नाव दिले.

सेंट्रोसोमच्या आत दोन छोट्या नळ्या असतात. त्यांना सेंट्रिओल म्हणतात. एका नळीची लांबी मिलिमीटरच्या साधारण दोन-हजाराव्या भागाइतकी. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा शे-दीडशे नळ्या एकापुढे एक मावतील. सेंट्रिओल आडवी कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर जत्रेत मुले घेतात त्या भिरभिऱ्यासारखी नक्षी दिसते. त्यात तीन-तीन सूक्ष्मनलिकांच्या नऊ जुड्या गोलाकार मांडलेल्या असतात. माणसाच्या पेशीत नऊ, उंदराच्या पेशीत नऊ, तळ्यातल्या शेवाळातही नऊच. निर्मितीतली ही शिस्त पाहिली की मन आपोआप नम्र होते.

या दोन नळ्यांभोवती प्रथिनांचे दाट आवरण असते. पेशीतील धागे, म्हणजे सूक्ष्मनलिका, मुख्यतः तेथूनच फुटतात. पेशीचा आकार राखणे, मालाची ने-आण करणे आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची सारखी वाटणी करणे, ही या धाग्यांची कामे. इथपर्यंतची माहिती बहुतेक पुस्तकांत मिळते. पण या नळ्यांचे दुसरेही एक काम आहे आणि आपल्या विषयाचा गाभा तेथेच आहे.

दुर्लक्षित राहिलेला केस

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एक, फक्त एकच, बारीक केस उभा असतो. रक्तातील पेशींसारखे काही अपवाद आहेत. पण किडनी, मेंदू, हाडे, त्वचा, डोळा अशा सगळीकडे तो आढळतो. त्याला प्राथमिक सिलियम म्हणतात. एकापेक्षा अधिक असले की सिलिया. लॅटिन भाषेत हा शब्द पापणीसाठी आहे. अरबीत पापण्यांच्या केसांना ‘अहदाब’ म्हणतात आणि शास्त्रीय पुस्तकांत सिलियासाठीही तोच शब्द आहे. म्हणून आम्ही याला पेशीची पापणी म्हणतो.

सिलियाचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. श्वासनलिकेच्या पेशींवर शेकडो सिलिया असतात. ते सतत हलतात आणि धूळ व कफ वर ढकलतात. विडी-सिगारेटच्या धुराने याच सिलियांचे काम मंदावते. हे झाले हलणारे सिलिया. प्राथमिक सिलियम सहसा हलत नाही. तो एकटा आणि स्तब्ध उभा असतो. त्यामुळेच तो निरुपयोगी आहे, असा समज झाला.

अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८६७ साली अशा एकट्या केसाची नोंद केली. १८९८ साली झिमरमान या शास्त्रज्ञाने माणसाच्या व इतर सस्तन प्राण्यांच्या पेशींवर, किडनीच्या नळ्यांतही, तो पाहिला आणि हा केस काहीतरी जाणून घेण्यासाठी असावा, असा अंदाज मांडला. अंदाज बरोबर होता, पण सिद्ध करण्याचे साधन त्या काळी नव्हते. १९६०च्या दशकात सर्गेई सोरोकिन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा केस कसा उगवतो ते टप्प्याटप्प्याने दाखवले आणि १९६८ साली त्याला ‘प्राथमिक सिलियम’ हे नाव दिले. तरीही पुढची तीस वर्षे बहुतेकांचे मत हेच होते की हा उत्क्रांतीत मागे राहून गेलेला अवशेष आहे.

आई, लेक आणि एकच बैलजोडी

आता या दोघांचे नाते पाहू. १८९८ सालीच फ्रान्सचे हेनेगी आणि हंगेरीचे लेनहोसेक यांनी स्वतंत्रपणे एक विचार मांडला : सिलियमच्या बुडाशी जी गाठ दिसते ती आणि विभाजनाच्या वेळी पेशीच्या टोकाला असणारी सेंट्रिओल या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, त्या एकच आहेत. हा विचार खरा ठरला.

सेंट्रोसोममधील दोन सेंट्रिओलपैकी एक वयाने मोठी असते, दुसरी तिच्या कडेला नंतर तयार झालेली. शास्त्रज्ञ त्यांना आई सेंट्रिओल आणि लेक सेंट्रिओल म्हणतात. आईच्या एका टोकाला नऊ बारीक पाकळ्यांसारखे हात असतात. लेकीला ते नसतात. पेशीचे विभाजन थांबते आणि ती आपल्या जागी स्थिर होते, तेव्हा आई सेंट्रिओल पेशीच्या पृष्ठभागाकडे सरकते. आपल्या नऊ हातांनी पेशीच्या पातळ पडद्याला धरून बसते. तिच्या टोकावर प्रथिनांची एक टोपी असते, ती उतरते. मग नऊ जुड्या पुढे वाढू लागतात, मात्र तीन-तीनऐवजी दोन-दोन सूक्ष्मनलिकांच्या. पडदा त्यांच्यावर मोज्यासारखा ओढला जातो. हाच सिलियम. सेंट्रिओल ही मुळी आणि सिलियम हे त्या मुळीवरचे रोप, असे म्हटले तरी चालेल.

रोप उगवण्याचा हा हक्क फक्त आईचा. लेक सेंट्रिओलला तो मिळायला पेशीचे साधारण दीड चक्र जावे लागते. तोवर तिला ते नऊ हात फुटलेले नसतात. पेशी विभागून दोन झाल्या की जिच्या वाट्याला जुनी आई सेंट्रिओल येते, तिच्यावर सिलियम आधी उगवतो आणि दुसरीवर नंतर.

आता प्रश्न येतो : विभाजनाची वेळ आली तर? त्यासाठी सेंट्रिओल पेशीच्या टोकाशी हवी, पण ती तर पृष्ठभागावर सिलियम धरून बसलेली. म्हणून पेशी आधी सिलियम आवरून घेते, मग विभाजनाला लागते. ज्या शेतकऱ्याकडे एकच बैलजोडी असते, त्याला ती नांगराला जुंपली की गाडी उभी ठेवावी लागते. पेशीचेही तसेच आहे. वाढायचे की जाणून घ्यायचे, दोन्ही कामे तिला एका वेळी करता येत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. किडनीचा आजार समजून घेताना ती उपयोगी पडेल.

आंब्याच्या झाडाची साक्ष

सेंट्रिओलचे खरे महत्त्वाचे काम कोणते, विभाजन की सिलियम? पुस्तकात विभाजनाचे चित्र मोठे असते, म्हणून मुले तेच उत्तर देतात. पण अंगणातल्या झाडांकडे पाहा. आंबा, ज्वारी, गुलाब, कोणत्याही फुलणाऱ्या वनस्पतीच्या पेशीत सेंट्रिओल नसते. तरीही त्यांच्या पेशी बिनधोक विभागतात आणि बोटभर रोपाचे झाड होते. त्यांना सेंट्रिओल नाही आणि सिलियाही नाहीत. याउलट बागेत शोभेसाठी लावतात त्या सायकसच्या नरपेशींना पोहावे लागते, म्हणून त्यांना सिलिया असतात. आणि सायकस फक्त त्या पेशी घडवताना सेंट्रिओल तयार करतो, एरवी नाही. नेच्यांचेही तसेच. म्हणजे जेथे सिलिया हव्यात तेथे सेंट्रिओल असतेच.

प्राण्यांतील साक्षही आहे. २००६ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे शास्त्रज्ञांनी अशा फळमाश्या वाढवल्या ज्यांच्या पेशींत सेंट्रिओल तयारच होत नव्हत्या. माश्या अळीतून कोषात गेल्या, कोषातून बाहेर पडल्या, अवयव जवळजवळ नीट घडले. विभाजन थोडे हळू झाले, पण झाले. मात्र बाहेर आल्यावर त्यांना पाय सावरता येईनात आणि त्या लवकरच मेल्या. कारण आपले अंग कोठे आहे, हे जाणणाऱ्या त्यांच्या चेतापेशींना सिलिया नव्हत्या. माणसाच्या पेशींना सेंट्रिओलशिवाय विभाजन इतके सोपे जात नाही, हे खरे. पण सिलियम हे जोडकाम नसून मोठे काम आहे, एवढे या प्रयोगाने स्पष्ट केले.

तळ्यातील शेवाळ आणि उंदराची किडनी

मग हा स्तब्ध केस करतो तरी काय? उत्तर आले ते तळ्याच्या पाण्यातून. क्लॅमिडोमोनास नावाचे एकपेशीय हिरवे शेवाळ असते. त्याला दोन शेपट्या असतात आणि त्या हलवत ते पोहते. या शेपट्या म्हणजे लांब सिलियाच. १९९३ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात जोएल रोझेनबाउम यांच्या प्रयोगशाळेत दिसले की शेपटीच्या आत प्रथिनांच्या मालगाड्या सतत वर-खाली धावत असतात. सिलियमच्या आत प्रथिने तयार होत नाहीत. त्यामुळे बांधकामाचे सर्व सामान मुळीपासून टोकापर्यंत या गाड्यांनीच जाते. गाडी थांबली तर सिलियम वाढत नाही.

२००० साली त्यातील एका गाडीच्या प्रथिनाचे जनुक सापडले. ते बिघडलेल्या शेवाळाला शेपट्याच येत नव्हत्या. तेच जनुक उंदरात शोधले तेव्हा ते अनोळखी निघाले नाही. किडनीत पाण्याच्या गाठी होऊन मरणाऱ्या उंदरांच्या एका वाणात नेमके हेच जनुक बिघडलेले असल्याचे आधीच माहीत होते. त्या उंदरांच्या किडन्या पुन्हा तपासल्या, तर त्यांच्या पेशींवरील सिलिया आखूड व खुरटलेल्या होत्या. शेवाळाची शेपटी आणि सस्तन प्राण्याची किडनी एका धाग्यात गुंफली गेली. शंभर वर्षे ‘निरुपयोगी’ ठरलेला केस एका दिवसात वैद्यकशास्त्राचा विषय झाला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत चित्र भरत गेले. माणसाला होणाऱ्या बहुगाठी किडनीच्या आजारात ‘पॉलिसिस्टिन’ नावाची प्रथिने बिघडलेली असतात. ती किडनीच्या नळ्यांतील पेशींच्या सिलियमवर बसलेली आढळली. तेथे बसून ती मूत्राचा प्रवाह जाणतात की एखादी रासायनिक खूण वाचतात, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. पण सिलियमकडून मिळणारा ‘आता थांब’ हा संदेश बिघडला की नळीच्या पेशी भलत्या ठिकाणी वाढू लागतात. नळीला फुगा येतो, फुग्यात पाणी भरते आणि वर्षानुवर्षे अशा गाठी वाढत जाऊन निरोगी किडनी चेपली जाते. बैलजोडीचे उदाहरण येथे आठवावे. जाणून घेण्याचे काम बिघडले की वाढीचा लगामही सुटतो.

डोळा, बोट आणि भूक

इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये सांगितले की डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो. तो प्रकाश टिपणाऱ्या पेशीचा बाहेरचा भाग म्हणजे रूप बदललेला सिलियमच आहे. त्याच्या बुडाशीही सेंट्रिओल बसलेली असते आणि प्रकाश टिपणारी प्रथिने एका चिंचोळ्या पुलावरून सतत वर जात असतात. हा पूल बिघडला की अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या पेशी आधी मरू लागतात. म्हणून पहिली तक्रार रातांधळेपणाची असते.

गर्भात हाताची बोटे किती आणि कोठे फुटावीत, याचा संदेश ‘हेजहॉग’ नावाच्या प्रथिनाकडून येतो. २००३ साली उंदरांच्या गर्भांवरील अभ्यासातून कळले की तो संदेश वाचण्यासाठी पेशीला सिलियम लागतो. सिलियम नीट नसेल तर बोटांचा हिशेब चुकतो आणि सहावे बोट येते. मेंदूत ‘पोट भरले’ ही जाणीव सांभाळणाऱ्या पेशींनाही सिलियम लागतो. तेथे बिघाड झाला तर मुलाची भूक भागत नाही आणि वजन वाढत जाते. लोक म्हणतात, अम्मीने लाडाने खायला घातले. खरे कारण वेगळे असते.

या सगळ्या तक्रारी एकत्र घेऊन येणाऱ्या आजाराला बार्डेट-बीडल सिंड्रोम म्हणतात. फ्रान्सच्या बार्डेट यांनी १९२० साली आणि बीडल यांनी १९२२ साली त्याची नोंद केली. एका मुलात इतके वेगवेगळे दोष का असावेत, हे ऐंशी वर्षे कोडेच होते. २००३ साली या आजाराच्या एका जनुकाचे प्रथिन पेशीत कोठे असते हे पाहिले, तर ते सेंट्रोसोमपाशी आणि सिलियमच्या बुडाशी सापडले. आज या आजाराची वीसहून अधिक जनुके माहीत आहेत आणि त्यांचा संबंध सिलियम व त्याची मुळी यांच्याशी आहे. अशा सर्व आजारांना मिळून ‘सिलियोपॅथी’ म्हणतात.

येथे एक खुलासा हवा. फक्त सहावे बोट असणे हा बहुतेक वेळा घराण्याचा साधा गुण असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सहाव्या बोटाबरोबर रातांधळेपणा, लहानपणापासूनचे बेसुमार वजन किंवा किडनीची तक्रार असेल तर मात्र सर्व गोष्टी एकाच डॉक्टरांसमोर एकत्र सांगाव्यात. तीन डॉक्टरांना तीन तुकडे दाखवले तर चित्र कुणालाच दिसत नाही.

घराण्यातला किडनीचा आजार

सिलियमशी निगडित आजारांत सर्वांत जास्त आढळतो तो मोठेपणी दिसणारा बहुगाठी किडनीचा आजार. साधारण ४०० ते १,००० माणसांमागे एकाला तो असतो. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडून बिघडलेले जनुक आले तरी तो होतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. काही रुग्णांत घराण्यात कुणाला नसताना नव्यानेही होतो. जवळपास निम्म्या रुग्णांच्या किडन्या साठीपर्यंत निकामी होतात. त्याआधी अनेक वर्षे काहीच जाणवत नाही. पहिली खूण पुष्कळदा तरुण वयातील वाढलेला रक्तदाब ही असते, आणि घरात तो ‘टेन्शन’च्या नावावर खपवला जातो.

ज्या घरात हा आजार आहे तेथे पुढील गोष्टी पाळाव्यात. सज्ञान मुला-मुलींनी रक्तदाब नियमित मोजावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करावी. तरुणपणी एकदा सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून कायमचे निश्चिंत होऊ नये, काही वर्षांनी ती पुन्हा करावी लागू शकते. रक्तदाब ताब्यात ठेवला, मीठ कमी केले, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेणे सोडले, तर किडनीचे आयुष्य वाढते. ज्यांचा आजार वेगाने वाढतो अशा काही रुग्णांसाठी टोल्व्हॅप्टान हे औषधही आहे, पण त्याचा निर्णय किडनीतज्ज्ञांचाच. भावाला किडनी देण्यासाठी बहीण पुढे येते, ही मोठी कुर्बानी आहे. पण तिच्यातही तोच आजार दडलेला नाही ना, याची खात्री आधी करावी लागते. आणि रमजानबाबत : आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे. किडनीच्या रुग्णाने रोजा ठेवावा की नाही, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवावे. आजार लपवून रोजे ठेवणे आणि किडनी गमावणे यात सवाब शोधू नये.

रिश्ता जोडताना

बार्डेट-बीडलसारखे आजार मात्र वेगळ्या वाटेने येतात. त्यांत जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, बिघडलेल्या असाव्या लागतात. एकच प्रत बिघडली असेल तर माणूस पूर्ण निरोगी असतो. तो फक्त वाहक असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. दोन वाहकांचा निकाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते.

अनोळखी घराण्यातील माणूस त्याच जनुकाचा वाहक असण्याची शक्यता फार थोडी. पण सख्खे चुलत, मामे, आते किंवा मावस भाऊ-बहीण एकाच दादा-दादी किंवा नाना-नानींचे नातवंडे असतात. त्यांच्या जनुकांचा सरासरी आठवा भाग सामाईक असतो. एक जण वाहक असेल तर दुसराही असण्याची शक्यता आठांत एकाच्या घरात जाते.

आमच्या समाजात चाचा-मामूंच्या घरी रिश्ता करणे सर्रास चालते, म्हणून हे स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते. हा प्रश्न एका धर्माचा नाही. महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींत मामाच्या मुलीशी लग्न होते, दक्षिणेत मामा-भाचीचेही होते. उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर ख्रिश्चन कोळी लोक शतकानुशतके आपापसांत लग्ने करत आले. तेथे बार्डेट-बीडल साधारण ३,७०० माणसांमागे एकाला आढळतो, तर युरोप-अमेरिकेत इतरत्र दीड लाखाच्या आसपास लोकांमागे एकाला. कुवेतच्या बेदुईन लोकांत हे प्रमाण साधारण १३,५०० मागे एक आहे. धर्म वेगळे, देश वेगळे, पण जेथे कुटुंबे आपल्याच वर्तुळात फिरत राहिली तेथे परिणाम सारखा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. नात्याबाहेरच्या लग्नात जन्मतः दोष असण्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, सख्ख्या चुलत-मामे नात्यात ते सुमारे ६ टक्के. म्हणजे धोका दुप्पट. पण शंभरांतील ९४ बालके अशा दोषाशिवाय जन्मली. ज्यांचा असा निकाह झाला आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. मात्र ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आतच रिश्ते होत आले आहेत किंवा ज्यात असे आजारी मूल आधीच आहे, त्यांनी पुन्हा त्याच घरात रिश्ता करण्यापूर्वी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. असा निकाह शरियतमध्ये जायज आहे, फर्ज नाही. जायज गोष्टींमधून आपल्या औलादीसाठी बरी ती निवडणे यात दीनच्या विरुद्ध काही नाही. सौदी अरबस्तानात सिकलसेल आणि थॅलसेमिया या आजारांसाठी निकाहपूर्वी तपासणी २००४ पासून सक्तीची आहे, हेही लक्षात घ्यावे.

दोष कुणाचा?

शेवटी ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला, ती सांगतो. चारांत एक या हिशेबात निम्मा वाटा आईचा, निम्मा वडिलांचा असतो. ‘तुझ्या माहेरून आले’ असे म्हणणाऱ्या घरातूनही तेवढेच आलेले असते. त्यात दोघांचाही गुन्हा नाही, कारण वाहकाला आपण वाहक आहोत हे माहीतच नसते. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात काय कापले, कुणाची नजर पडली, यांचा या आजाराशी काही संबंध नाही. अशा मुलाच्या आईला बोल लावणे हे अज्ञान आहे आणि जुलूमही. त्या बोलांचा एक तोटा असाही की सून मुलाचा रातांधळेपणा लपवू लागते आणि उपचाराची वर्षे हातातून जातात.

असे मूल घरात असेल तर दुआ जरूर करावी, पण तावीज बांधून थांबू नये. इलाज करणे हीही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आहे. डोळ्यांची, किडनीची आणि रक्तदाबाची तपासणी ठरलेल्या काळाने करावी. आहार सांभाळावा; दृष्टी पुढे कमी होणार असे डॉक्टरांनी सांगितले तर डोळे आहेत तोवरच ब्रेल आणि ऐकून शिकण्याची सवय लावावी. शिक्षकांना सर्व काही मोकळेपणी सांगावे. वर्गात फळ्यावरचे न दिसणारे मूल आळशी ठरवले जाते, आणि घरातून कुणी काही सांगितलेले नसल्याने शिक्षकांनाही ते उमगत नाही.

आणि ज्या घरात ‘आमच्यात किडनीचा आजार चालत आला आहे’ असे म्हणतात, त्या घरातील मोठ्यांनी या महिन्यात एक काम करावे. एका कागदावर दादा-दादी, नाना-नानीपासून सर्वांची नावे लिहावीत. कोण कशाने गेले, कुणाला कोणत्या वयात डायलिसिस लागले, कुणाला रातांधळेपणा होता, कुणाचा निकाह कुणाशी झाला, हे त्यापुढे नोंदवावे. घरातील वृद्ध हयात आहेत तोवरच ही माहिती मिळते. तो कागद डॉक्टरांकडे नेला की अर्धे निदान तेथेच होते. अल्लाह सर्व आजारी भावंडांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्या आयांना हिंमत देवो. आमीन.